ब्रूनोची अनंत जगे आणि गहाळ कागद

परग्रहावरील जीवसृष्टीविषयी लिहायला बसलेला लेखक दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हमखास जोर्दानो ब्रूनोपाशी येतो. तारे म्हणजे दूरचे सूर्य, त्यांच्याभोवती आपल्या पृथ्वीसारख्या पृथ्व्या आणि त्यांवर वस्ती, असे ब्रूनो म्हणाला, म्हणून १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळले, एवढे सांगून तो गॅलिलिओकडे वळतो. यातली तारीख बरोबर आहे. जाळले हेही खरे, आणि कल्पना ब्रूनोचीच हेही खरे. शंका आहे ती फक्त कारणाविषयी. अलीकडे याच्या उलट टोकाचे विधानही तितक्याच ठामपणे केले जाते: खटल्याचा विश्वरचनेशी काही संबंध नव्हता, ब्रूनो जळाला तो ख्रिस्ताचे देवत्व नाकारल्यामुळे. दोन्ही पक्ष निकालपत्र वाचल्याच्या थाटात बोलतात. निकालपत्र मात्र पुरे शिल्लकच नाही.

म्हणून आधी कागद काय आहेत ते पाहू. खटला दोन ठिकाणी चालला, १५९२ मध्ये व्हेनिसला आणि १५९३ पासून सात वर्षे रोमला. व्हेनिसच्या इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे, दफ्तर तिथल्या सरकारी दफ्तरखान्यात राहिले. तक्रारअर्ज, साक्षीदारांच्या जबान्या, ब्रूनोची प्रश्नोत्तरे, सगळे अस्सल आणि तारीखवार. रोमचे मात्र उलटे झाले. १८१० मध्ये नेपोलियनच्या हुकमाने पोपचे दफ्तर गाड्या भरभरून पॅरिसला गेले. नेपोलियन पडल्यावर ते परत आणायचे काम मारिनो मारिनी या अधिकाऱ्याकडे आले. वाहतुकीचा खर्च परवडेना, तेव्हा बिनमहत्त्वाचे म्हणून खटल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे फाडून पॅरिसमध्येच रद्दीच्या भावाने कागदवाल्यांना विकले गेले. ब्रूनोच्या रोममधल्या खटल्याची मूळ फाइल त्यातच गेली असे अभ्यासक मानतात. गोव्याच्या इन्क्विझिशनचे दफ्तर ज्यांनी शोधले त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. तेही १८१२ मध्ये ती संस्था कायमची बंद झाल्यानंतर बव्हंशी नष्ट झाले, आणि अ. का. प्रियोळकरांना आपला १९६१ चा ग्रंथ प्रवाशांच्या वृत्तांतांवर व इतरत्र उरलेल्या कागदांवर उभारावा लागला.

रोमच्या खटल्याचे जे उरले ते असे. इन्क्विझिशनच्या कार्डिनलांच्या बैठकांची टिपणे आहेत, बहुतेक दोन-चार ओळींची. निकालाची एक नक्कल आहे, रोमच्या गव्हर्नरसाठी काढलेली आणि अपुरी. देहान्त शिक्षा झालेल्यांना अखेरच्या रात्री सोबत करणाऱ्या सान जोव्हान्नी देकोल्लातो या धर्मबंधुमंडळाच्या वहीतली नोंद आहे. तेव्हाच्या हस्तलिखित बातमीपत्रांतले दोन-तीन मजकूर आहेत, आणि कास्पर शोप्पे नावाच्या एका जर्मन विद्वानाचे पत्र आहे. या सर्वांहून मोलाचा कागद म्हणजे खटल्याचा गोषवारा. न्यायाधीशांच्या सोयीसाठी १५९७-९८ च्या सुमारास कोणा कारकुनाने तो तयार केला. मुद्द्यामागून मुद्दा घेऊन कोणत्या साक्षीदाराने काय सांगितले आणि त्यावर ब्रूनोने काय उत्तर दिले, हे त्यात ओळीने मांडलेले आहे. व्हॅटिकनच्या गुप्त दफ्तरखान्याचे प्रमुख आंजेलो मेर्काती यांना तो नोव्हेंबर १९४० मध्ये पोप नववे पायस यांच्या खासगी कागदांत सापडला आणि १९४२ मध्ये त्यांनी तो छापला. म्हणजे त्याआधी ब्रूनोविषयी जे जे लिहिले गेले, त्याची बाजू घेऊन वा विरोधात, ते सारे हा कागद न पाहता लिहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतून उचललेली वाक्ये आजही तशीच छापली जातात, म्हणून हे लक्षात ठेवायला हवे.

आता माणूस. ब्रूनोचा जन्म १५४८ चा, नेपल्सजवळच्या नोला गावचा. सतराव्या वर्षी तो नेपल्सच्या डोमिनिकन मठात दाखल झाला. १५७६ मध्ये चौकशीच्या भीतीने तिथून पळाला आणि पुढची पंधरा वर्षे जिनिव्हा, तुलूझ, पॅरिस, लंडन, विटेनबर्ग, फ्रँकफुर्ट अशी वणवण करत राहिला. जाईल तिथे भांडला. लंडनमध्ये फ्रेंच राजदूताच्या घरी राहत असताना, १५८४ मध्ये, त्याने ‘अनंत, विश्व आणि जगे’ या विषयावरचा संवादग्रंथ इटालियनमध्ये छापला. त्यातल्या एका पात्राला प्रश्न पडतो की इतर जगांत इथल्यासारखी वस्ती आहे काय. त्याला उत्तर मिळते ते असे की अगदी अशीच नसली आणि याहून श्रेष्ठही नसली, तरी याहून कमी तर नक्कीच नाही.

हे उत्तर आले कुठून, हे नीट समजून घेतले पाहिजे. दुर्बीण निघायला अजून चोवीस वर्षे होती. ब्रूनोने आकाशात काही नवे पाहिले नव्हते, मोजले नव्हते, आणि गणिताकडे त्याचा ओढाही नव्हता. त्याचा युक्तिवाद ईश्वराच्या सामर्थ्यावरून चालतो. कारण अनंत असेल तर कार्यही अनंत असले पाहिजे. अनंत जगे निर्माण करू शकणाऱ्याने एकच मर्यादित जग करून थांबणे त्याच्या थोरवीला शोभत नाही. शिवाय ब्रूनोची जगे म्हणजे आजच्या अर्थाने ग्रह नव्हेत. पृथ्वीसकट प्रत्येक गोल हा त्याच्या मते सजीव प्राणी आहे, त्याला आत्मा आहे, आणि तो आपल्या इच्छेने फिरतो. आजच्या खगोलशास्त्राचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणारे ही बाजू बहुधा सांगत नाहीत.

१५९१ मध्ये जोव्हान्नी मोचेनिगो या व्हेनिसच्या सरदाराने त्याला बोलावून घेतले. मोचेनिगोला स्मरणविद्या शिकायची होती. ब्रूनोची त्या विद्येतली ख्याती युरोपभर होती आणि तिच्यामागे काही जादू असावी असा अनेकांचा समज होता. चोत्ती नावाच्या पुस्तकविक्रेत्याची जबानी या जागी फार उपयोगी पडते. तो फ्रँकफुर्टच्या जत्रेला निघाला असता मोचेनिगोने त्याला गाठले, या माणसाकडून मला कबूल केलेले मिळत नाही असे गाऱ्हाणे केले आणि तिकडे याची पत कशी आहे ते काढून यायला सांगितले. मे १५९२ मध्ये ब्रूनोने पुस्तके छापण्यासाठी फ्रँकफुर्टला परत जातो म्हटले. त्यावर मोचेनिगोने माणसे घेऊन त्याला झोपेतून उठवले, माळ्यावरच्या खोलीत कोंडले आणि २३ मे रोजी इन्क्विझिशनकडे लेखी तक्रार दिली. तक्रार आपण कबुलीगुरूच्या आज्ञेवरून आणि सदसद्विवेकाला स्मरून देत आहोत असे त्याने लिहिले आहे. चोत्तीची जबानी शेजारी ठेवली की त्या विवेकाचा भाव कळतो.

पण तक्रार रागाची असली म्हणून खोटी ठरत नाही. मोचेनिगोने ब्रूनोच्या तोंडी घातलेली वाक्ये अशी: पाव-द्राक्षासवाचे ख्रिस्ताच्या देहरक्तात रूपांतर होते असे म्हणणे ही ईश्वरनिंदा आहे, ईश्वरात तीन व्यक्ती नाहीत, ख्रिस्त भोंदू होता आणि त्याचे चमत्कार जादूटोण्याचे, कुमारीला मूल होणे अशक्य, पापाला शासन नाही, आत्मे एका देहातून दुसऱ्यात जातात, संन्यासी सगळे गाढव. आणि या माळेतच एक मणी: जग शाश्वत आहे, जगे अनंत आहेत, ईश्वर सतत नवी घडवीत असतो. म्हणजे अनंत जगांचा आरोप पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये आहे. तो मागून कोणी चिकटवलेला नाही. मात्र तो यादीत मध्येच कुठेतरी आहे, अग्रभागी नाही.

व्हेनिसमध्ये ब्रूनोची प्रश्नोत्तरे २६ मे ते ३० जुलैच्या दरम्यान झाली. त्यांतली २ जूनची जबानी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. न्यायाधीशांनी त्याच्या ग्रंथांविषयी विचारले, आणि ब्रूनोने विश्वाची आपली कल्पना स्वतःहून, सविस्तर, काही न लपवता सांगून टाकली. विश्व अनंत आहे, त्यात या जगासारखी असंख्य विशिष्ट जगे आहेत, पृथ्वी हा चंद्रासारखा आणि इतर ग्रह-ताऱ्यांसारखा एक तारा आहे. हे आपण तत्त्वज्ञ म्हणून लिहिले, ईश्वरशास्त्री म्हणून नव्हे, असा त्याचा बचाव होता. याउलट ख्रिस्त, कुमारी, प्रभुभोजन यांवरचे आरोप त्याने साफ नाकारले. एक गोष्ट मात्र कबूल केली. त्रैक्यातील ‘व्यक्ती’ या संज्ञेविषयी अठराव्या वर्षापासून आपल्या मनात शंका होती. ३० जुलैला त्याने गुडघे टेकून क्षमा मागितली. प्रकरण व्हेनिसमध्येच राहिले असते तर बहुधा सौम्य शिक्षेवर मिटले असते. रोमने आरोपी मागितला. तो व्हेनिसचा नागरिक नाही, नेपल्सचा आहे, आणि त्याच्यावर जुनी प्रकरणे चालू आहेत, या सबबीवर सिनेटने तो दिला. २७ फेब्रुवारी १५९३ रोजी तो रोमच्या तुरुंगात पोचला.

मोचेनिगो हा एकटा साक्षीदार होता, आणि एका साक्षीदारावर गंभीर शिक्षा देणे इन्क्विझिशनच्या कायद्याला मान्य नव्हते. ही उणीव १५९३ च्या अखेरीस भरून निघाली. चेलेस्तीनो नावाचा व्हेरोनाचा कापुचिन संन्यासी व्हेनिसच्या कोठडीत ब्रूनोबरोबर होता. त्याने ब्रूनोविरुद्ध लेखी तक्रार धाडली आणि तिच्या पुष्टीसाठी इतर सहकैद्यांची नावे दिली. त्यांच्या जबान्या झाल्या. सगळे साक्षीदार स्वतःच आरोपी, म्हणजे दुय्यम दर्जाचे. चेलेस्तीनोला तर सप्टेंबर १५९९ मध्ये, ब्रूनोच्या पाच महिने आधी, पुढे ब्रूनोला जिथे जाळले त्याच चौकात जाळले गेले. पण त्यांची संख्या आता पुरेशी झाली.

मेर्कातींना सापडलेल्या गोषवाऱ्यात ‘अनेक जगांविषयी’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ते छोटे आहे, परंतु माझ्या मते सबंध गोषवाऱ्यातले सर्वांत जिवंत. मोचेनिगो आणि चेलेस्तीनो आपापली वाक्ये सांगतात. चेलेस्तीनो म्हणतो की हे एकच जग आहे असे मानणे ब्रूनो घोर अज्ञान समजे. मग सहकैद्यांची पाळी येते. त्यांतल्या एका जबानीत अशी हकिकत आहे की एका रात्री ब्रूनोने एका कैद्याला खिडकीशी नेले, एक तारा दाखवला आणि सांगितले, ते एक जग आहे, आणि सगळे तारे जगेच आहेत. साक्ष देणाऱ्याला ही गोष्ट रचून काही लाभ नव्हता. प्रभुभोजनाची टवाळी किंवा ख्रिस्ताला दिलेली शिवी यापेक्षा ती निश्चितच बेचव होती. म्हणून मी ती विश्वसनीय धरतो. ब्रूनोने आपल्या जगांविषयी पुस्तकांत लिहिले, न्यायाधीशांना सांगितले आणि कोठडीतल्या भुरट्यांनाही सांगितले. लपवाछपवी त्याने इतर बाबतीत भरपूर केली, याबाबतीत कधीच नाही.

१५९४ नंतर खटला रेंगाळला, कारण पोपने ब्रूनोची पुस्तके मिळवून तपासायला सांगितले होते. तपासनिसांनी त्यांतून आक्षेपार्ह विधाने काढली, आणि गोषवाऱ्याच्या अखेरीस त्या आक्षेपांना ब्रूनोने दिलेली उत्तरे थोडक्यात नोंदली आहेत. इथे खटल्याचा रंग बदलतो. कोठडीतली बडबड मागे पडते आणि छापील ग्रंथांतली विधाने पुढे येतात: अनंत कारणाचे कार्य अनंतच असले पाहिजे, पृथ्वी फिरते, पृथ्वीला आत्मा आहे, आत्मा आणि देह यांचा संबंध अमुक. आणि हेही, की जगे अनेक, सूर्य अनेक, आणि त्यांत इथल्याच जातीच्या वस्तू, एवढेच नव्हे तर माणसेसुद्धा.

‘माणसेसुद्धा’ हा तपासनिसाने घातलेला जोर आहे, आणि त्याचे कारण समजायला कठीण नाही. दुसऱ्या जगात माणसे असतील तर ती आदमची लेकरे कशी? आदमची नसतील तर आदमचे पाप त्यांना लागते का? लागत नसेल तर ख्रिस्ताचे बलिदान कोणासाठी? लागत असेल तर ख्रिस्त तिथेही जन्मला आणि मेला, असे मानायचे काय? आपल्याला जो निव्वळ खगोलशास्त्राचा प्रश्न वाटतो तो त्या खोलीत बसलेल्यांना तारणाच्या सिद्धान्ताला लागलेली वाळवी वाटत होता. विज्ञान एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करून आपण हा खटला वाचतो तिथेच चुकतो. ती वाटणी आपली आहे, त्या कागदांत नाही.

२४ मार्च १५९७ च्या बैठकीचे टिपण हा आपल्या प्रश्नावरचा सर्वांत थेट पुरावा. आरोपीला कोठडीतून आणले गेले, निरनिराळ्या जगांविषयीच्या आपल्या वायफळ कल्पना सोडून दे अशी ताकीद दिली गेली, आणि त्याची कसून चौकशी व्हावी असा हुकूम झाला. ‘कसून’ म्हणजे यातना देऊन की काय, यावर अभ्यासकांत वाद आहे; शब्द दोन्ही बाजूंनी ओढता येतो. पण ताकीद कशाबद्दल होती यावर वाद होऊ शकत नाही. खटल्याचा विश्वरचनेशी संबंध नव्हता म्हणणाऱ्यांना हे टिपण आडवे येते.

मग जगांसाठीच जाळले म्हणणाऱ्यांचे बरोबर का मानू नये? कारण यानंतर रोबेर्तो बेल्लार्मीनो आला. हा जेझुइट पंडित, पुढे गॅलिलिओला १६१६ मध्ये समज देणारा तोच. सहा-सात वर्षांच्या पसाऱ्यातून मार्ग काढण्यासाठी त्याने आरोपांतून आठ विधाने निवडली: ही निःसंशय पाखंडी आहेत, आरोपीने ती सोडावीत, नाहीतर परिणाम भोगावेत. जानेवारी १५९९ मध्ये ती ब्रूनोपुढे ठेवली गेली. निकालाचा सगळा भार या आठ विधानांवर आहे. आणि ती यादी आज उपलब्ध नाही.

आठांपैकी दोनच आपल्याला माहीत आहेत, तीही आडून. २४ ऑगस्ट १५९९ च्या बैठकीत बेल्लार्मीनोने कळवले की ब्रूनोने विधाने सोडायची तयारी दाखवली आहे, परंतु पहिल्या आणि सातव्या विधानाबाबत त्याच्या लेखी उत्तरात अजून हरकत दिसते. पहिले होते प्राचीन काळच्या नोव्हातियन पाखंडासंबंधी. सातवे होते आत्म्याचे: नावाडी नावेत असतो तसा आत्मा देहात असतो काय. बाकीची सहा कोणती? लुईजी फिर्पो या इतिहासकाराने १९४९ मध्ये, नुकताच छापलेला गोषवारा हाताशी घेऊन, या खटल्याची पद्धतशीर पुनर्रचना केली आणि त्या सहांविषयी अनुमाने केली. अनुमाने काळजीपूर्वक केलेली आहेत. तरीही ती अनुमानेच.

अनंत जगांचे विधान त्या सहांत होते, या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. ४ फेब्रुवारी १५९९ च्या टिपणात पोप आठवे क्लेमेंट यांचा हुकूम असा की ही विधाने आजच प्रथम पाखंडी ठरवलेली नाहीत, प्राचीन धर्मपित्यांनीच ती तशी ठरवली आहेत, असे आरोपीला सांगावे. आता असंख्य जगे मानणे हे संत ऑगस्टीनच्या पाखंडांच्या यादीत खरोखरच आहे. अल्बर्टो मार्टिनेझ या विज्ञानेतिहासकाराने २०१८ च्या आपल्या पुस्तकात हा धागा चर्चच्या कायद्याच्या संहितेपर्यंत नेऊन दाखवला. अनेक जगे मानणे हे पाखंडच नव्हते, असे जे सर्रास सांगितले जाई ते त्यामुळे आता सांगता येणार नाही. पृथ्वीच्या गतीची गोष्ट वेगळी. कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली १६१६ मध्ये, ब्रूनोच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. तेव्हा ‘कोपर्निकसचा हुतात्मा’ ही पदवी त्याला कोणत्याच कागदावरून देता येत नाही.

विरुद्ध बाजूचा मुद्दाही तसाच. निकोलस ऑफ क्यूसा या जर्मन पंडिताने १४४० च्या आपल्या ग्रंथात इतर गोलांवर रहिवासी असल्याची कल्पना मांडली होती, सूर्य-चंद्रावरसुद्धा. आठ वर्षांनी त्याला कार्डिनल करण्यात आले. त्याआधी १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने निषिद्ध ठरवलेल्या २१९ विधानांत ‘ईश्वर अनेक जगे निर्माण करू शकत नाही’ हे विधान होते. म्हणजे ईश्वर मनात आणील तर कितीही जगे करील, असे म्हणायला मुभाच नव्हे, ते नाकारायला बंदी होती. मुभा होती ती ‘करू शकेल’ एवढ्यापुरती. ब्रूनो म्हणत होता की ईश्वराला करावीच लागली. त्याच्या स्वभावात दुसरे काही बसतच नाही. ईश्वराचे स्वातंत्र्य काढून घेणारे हे मत कोणत्याही न्यायाधीशाला जगांच्या संख्येपेक्षा जास्त खुपले असते.

१५९९ चे वर्ष ब्रूनोने मागे-पुढे होत काढले. फेब्रुवारीत विधाने सोडायला तयार झाला, पुढे पुन्हा तयार झाला, मग पोपला उद्देशून अर्ज केला. २१ डिसेंबरला अखेरचे विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले की आपण माघार घेणे लागत नाही आणि घेणारही नाही. मागे घ्यावे असे आपल्यापाशी काही नाही, आणि काय मागे घ्यायचे ते आपल्याला ठाऊकही नाही. डोमिनिकन पंथाचे प्रमुख स्वतः त्याचे मन वळवायला गेले, उपयोग झाला नाही. २० जानेवारी १६०० च्या टिपणात त्याच्या आणखी एका अर्जाचा उल्लेख आहे: उघडला, पण वाचला नाही. त्याच बैठकीत पोपने निकाल द्यायला सांगितले.

निकाल ८ फेब्रुवारीला कार्डिनल माद्रुत्सोच्या वाड्यात वाचून दाखवला गेला. गव्हर्नरसाठी काढलेल्या नकलेत पहिला आरोप लिहिला आहे, प्रभुभोजनातल्या रूपांतराला ईश्वरनिंदा म्हटल्याचा. त्यापुढे नक्कलकाराने ‘इत्यादी’ लिहून यादी गाळली आहे. गव्हर्नरला शिक्षा अमलात आणायची होती, कारणे वाचायची नव्हती. ज्या एका ठिकाणी आपल्या प्रश्नाचे उत्तर असायला हवे होते, तिथे एका कारकुनाने आपले श्रम वाचवले.

शोप्पे हा लुथरपंथ सोडून नुकताच कॅथलिक झालेला विद्वान निकाल वाचताना हजर होता. जाळल्याच्या दिवशीच त्याने कोनराड रिटर्सहाउसेन या आपल्या लुथरन परिचिताला पत्र लिहिले. ब्रूनोने न्यायाधीशांना उत्तर दिले की हा निकाल देताना तुम्हाला वाटत असलेली भीती तो ऐकताना मला वाटणाऱ्या भीतीहून कदाचित जास्त असेल, ही प्रसिद्ध हकिकत या एकाच पत्रातून येते. पत्रात ब्रूनोच्या चुकांची यादी आहे आणि तीत असंख्य जगे आहेत. शेवटी शोप्पे कुत्सितपणे लिहितो की आता तो आपल्या त्या काल्पनिक जगांत जाऊन सांगेल, रोमन लोक निंदकांचा समाचार कसा घेतात ते. पत्र अस्सल, साक्षीदार प्रत्यक्षदर्शी. म्हणून पुष्कळांनी त्यातली यादी हीच निकालातली यादी धरली. मला ते मान्य नाही. ज्यू तेवढे आदमचे वंशज, सैतानालाही मुक्ती मिळेल, मोझेसने चमत्कार जादूने केले, हे सगळे त्या यादीत आहे. ती बेल्लार्मीनोच्या आठांची दिसत नाही, खटल्यात निघालेल्या एकूण आरोपांची दिसते. शोप्पेला लुथरन मित्राला पटवायचे होते की जाळलेला माणूस लुथरन नव्हता, त्याहून फार भयंकर कोणी होता. अशा पत्रात यादी वाढते, आटत नाही. तरीही एक गोष्ट त्यावरून सिद्ध होते: त्या दिवशी रोममधल्या ऐकणाऱ्याच्या डोक्यात ब्रूनो आणि असंख्य जगे ही जोडी पक्की होती.

धर्मबंधुमंडळाच्या वहीत शेवटच्या रात्रीची नोंद आहे. दोन डोमिनिकन, दोन जेझुइट आणि इतर काही धर्मगुरू बोलावले गेले, त्यांनी पहाटेपर्यंत समजावले, तो हट्टाला चिकटून राहिला. कांपो दे फ्योरी चौकात त्याला विवस्त्र करून खांबाला बांधले आणि जिवंत जाळले. मंडळाचे लोक शेवटपर्यंत प्रार्थना म्हणत होते. बातमीपत्र सांगते की त्याच्या जिभेला चाप लावला होता. त्याने काय म्हटले असते तेही म्हणून कुठे नोंदलेले नाही.

१६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधल्याचे कळले तेव्हा केप्लरने लिहिले की एखाद्या स्थिर ताऱ्याभोवती फिरणारे ग्रह सापडले असते तर आपल्याला ब्रूनोच्या अनंतात बेड्या पडल्या असत्या. ते गुरूभोवतीचे निघाले म्हणून सुटका झाली. त्याच लिखाणात केप्लर गुरूवर रहिवासी असावेत असेही म्हणतो. त्याला वस्तीचे भय नव्हते, अनंताचे होते. स्थिर ताऱ्यांभोवतीचे ग्रह १९९० च्या दशकापासून खरोखर सापडू लागले, आणि आज त्यांची नोंद पाच हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांपैकी एकावरही जीव असल्याचा पुरावा मिळालेला नाही.

आज रूढ असलेली कथा घडली ती एकोणिसाव्या शतकात. पोपची सत्ता मोडून नवे इटली उभे राहत होते आणि त्याला हुतात्मे हवे होते. ९ जून १८८९ रोजी एत्तोरे फेर्रारीने घडवलेला ब्रूनोचा पुतळा त्याच चौकात उभा राहिला. पोप तेरावे लिओ यांनी जाहीर निषेध केला. अमेरिकेत ड्रेपरचे विज्ञान आणि धर्म यांच्या संघर्षावरचे पुस्तक १८७४ मध्ये आले होते, आणि त्यातला ब्रूनो असंख्य जगांसाठी मेलेला होता. ते पुस्तक जगभर वाचले गेले. मेर्कातींचा गोषवारा अडुसष्ट वर्षांनी छापून आला, तोपर्यंत कथा पक्की झाली होती.

मग निर्णय काय द्यायचा? अनंत जगे मानणे हा ब्रूनोवरील आरोपांपैकी एक होता, पहिल्या तक्रारीपासून किमान १५९७ पर्यंत तो कायम राहिला, आणि त्याबद्दल त्याला स्वतंत्र ताकीद मिळाली. इतके कागदांनी सिद्ध आहे. तो आरोप शिक्षेचे कारण होता, हे सिद्ध नाही. नव्हता, हेही नाही. यापुढे कोणी यातली कोणतीही एक बाजू ठामपणे सांगू लागला, तर वाचकांनी त्याच्याकडे बेल्लार्मीनोच्या आठ विधानांची यादी मागावी.